स्वतः ऑइल बदललं, आता वॅगनआरखाली रोज तीन थेंब

मानेवाड्याची_ताई

२०१३ ची वॅगनआर, पेट्रोल, ७८ हजार किलोमीटर. रविवारी सकाळी सहाला अंगणात आयुष्यात पहिल्यांदा स्वतः इंजिन ऑइल बदललं. सहालाच का, तर मे महिन्यात नागपुरात आठनंतर गाडीखाली झोपायचं म्हणजे तव्यावर लोळायचं.

गॅरेजला का नाही दिली, हे आधीच सांगून टाकते. मागच्या वर्षी सर्व्हिसिंगला देताना जुन्या फिल्टरच्या बुडावर गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवला होता. शाळेत विज्ञान शिकवते, खोड आहे. बिलात नवीन फिल्टरचे पैसे लागले आणि घरी येऊन टॉर्च मारला तर ठिपका जागच्या जागी! विचारायला गेले तर म्हणे, "मॅडम, कंपनीकडूनच तसा येतो."

तर काय केलं ते. इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट केलं, गाडी जॅकवर उचलून दोन्ही बाजूंना चार-चार विटा लावल्या. चेंबरचा (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीचा) बोल्ट काढून ऑइल घमेल्यात सोडलं, वीस मिनिटं गळू दिलं. फिल्टर हाताला दाद देईना, मग सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून फिरवला. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल चोळलं, रबर टेकल्यावर हातानेच पाऊण फेरा. चेंबरच्या बोल्टला नवीन वायसर, म्हणजे बोल्टखालची चपटी कडी. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच ग्रेडचं आणि तेवढंच, फनेलने भरलं, बाहेर सांडलं नाही. ऑइल मोजायच्या पट्टीवर लेव्हल दोन खुणांच्या मधे.

सोमवारी सकाळी फरशीवर रुपयाएवढे तीन डाग. रात्री पेपर अंथरला, आज पुन्हा तीन. एसीचं पाणी नाही, पिवळसर आहे आणि बोटाला चिकटतं. इंजिन चालू ठेवून वाकून पाहिलं तर काहीच गळत नाही. बोल्ट अजून आवळू का? की फिल्टर?

खामला_रायडर

ताई, लांब दांड्याचा पाना लावून आवळून टाका. नाहीच थांबलं तर वरून एम-सील. माझ्या बाबांच्या गाडीला दोन वर्षं झाली, काही नाही झालं.

जुना_मिस्त्री

ताई, वरच्याचं ऐकू नका. तीस वर्षं कामठी रोडवर हेच केलं. लांब दांड्यानं आवळून चेंबरचे आटे गेलेल्या गाड्या माझ्याकडे यायच्या. आटे गेले की जाड बोल्ट ठोका नाहीतर चेंबरच बदला. आणि एम-सील लावलं तर पुढच्या वेळी ऑइल काढाल कुठून?

आता तुमच्या थेंबांचं. गाडी उभी असताना गळून राहिली आणि चालू असताना नाही, म्हणता ना? मंग फिल्टरवर माझा संशय कमी आहे. फिल्टरमध्ये पंपाचा दाब असतो, तिथलं रबर बसलं नाही तर इंजिन चालू केल्याबरोबर दिसतं. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनला चिकटून राहिलं आणि त्यावर नवीन चढवला, तर थेंब नाही, धार लागते. अंगण काळं करून ठेवते. चेंबरच्या बोल्टवर मात्र ऑइल चोवीस तास बसून असतं. तिथून ते हळूहळू पाझरतं, रात्रभर.

पहिले चेंबर आणि फिल्टर रॉकेलच्या फडक्यानं पुसून कोरडं करा. मंग बोल्टच्या भोवती टाल्कम पावडर फुंका, फिल्टरच्या मुळाशी पण. सकाळी पावडर कुठं भिजली ते पाहा.

आणि एक विचारतो. जुनं वायसर कुठं आहे?

धरमपेठ_४४००१०

माझं लक्ष बोल्टवर नाही, विटांवर अडकलंय. बाप्पा, ताई! वीट दबत नाही, एकदम फुटते, आणि त्या वेळी तुम्ही खाली असता. गाडीतला जॅक फक्त स्टेपनी बदलण्यापुरता. उचललेली गाडी टेकवायची लोखंडी घोडी घ्या, मागच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा. उचलून झाली की अंगात येईल तेवढ्या जोराने गाडी हलवून पाहा, मगच खाली शिरा. माझा मित्र वाचला तो फक्त चाक काढून बाजूने खाली सरकवून ठेवलं होतं म्हणून.

मानेवाड्याची_ताई

विटांबद्दल बरोबर आहे. मिस्टर चंद्रपूरला असतात, शनिवारी आले की हेच ऐकवतील. त्यांना हा धागा दाखवणार नाही.

पावडर टाकली होती. फिल्टरकडची कोरडी, बोल्टभोवती ओली चकती.

काका, तुमच्या प्रश्नाने झोप उडवली. काढलेलं सगळं मी बिस्किटाच्या डब्यात ठेवते. डब्यात जुना फिल्टर आहे, नव्या वायसरचं पाकीट आहे. जुनं वायसर नाही. घमेल्यातलं ऑइल गाळूनही पाहिलं. बोल्टसोबत ते आलं असं आठवतच नाही.

जुना_मिस्त्री

आलंच नाही ते. वरतीच चेंबरला चिकटून आहे. तापून-आवळून इतकं चपटं होतं की चेंबरचाच भाग वाटतं. तुम्ही नवीन त्याच्यावर चढवलं. दोन वायसर, मधात जुना मळ, मंग पाझरणारच.

ऑइल नवीन आहे, फेकू नका. घमेलं साबणानं धुऊन उन्हात खणखणीत वाळवा, पाण्याचा थेंब राहता कामा नये. ऑइल त्यात उतरवा, वायसर नखानं नाहीतर लाकडी चमच्याच्या टोकानं काढा. स्क्रूड्रायव्हर लावू नका, बैठकीवर ओरखडा पडला की जन्मभर गळेल. जागा पुसा, तिसरं नवीन वायसर लावा. बोल्ट पहिले हातानं पूर्ण फिरवा, मंग लहान पान्यानं मनगटाच्या जोरावर. खांदा लावायचा नाही. तेच ऑइल धुतल्या कपड्यातून गाळून परत भरा.

खामला_रायडर

काका, मी पण आज बाबांच्या गाडीखाली डोकावून पाहिलं. एम-सीलखाली बोल्ट दिसतच नाही.

जुना_मिस्त्री

तुझ्या गाडीचं वेगळं बोलू. वेगळा धागा काढ.

मानेवाड्याची_ताई

झालं. शनिवारी मिस्टरांना टॉर्च धरायला बसवलं (धागा दाखवावा लागला). बोल्ट काढून बोट फिरवलं तर काठ लागला, एखाद्या जुन्या पैशाच्या कडेसारखा. लाकडी चमच्याने दोन मिनिटांत सुटलं. एका बाजूला काळं, दुसऱ्या बाजूला चकचकीत. आज मंगळवार, तिन्ही रात्री पेपर कोरडा.

जुनं काळं ऑइल अजून कॅनमध्ये पडून आहे. शेजारच्या बांधकामावरचा सेंट्रिंगवाला फळ्यांना लावायला मागतोय. देऊ का?

जुना_मिस्त्री

नका देऊ. फळीवरून मातीत जातं, पाऊस आला की नालीत, आणि तुमच्याकडची नाली कुठं जाते ते तुम्ही शाळेत शिकवताच. २०१६ च्या नियमांत जळकं ऑइल धोकादायक कचऱ्यात मोडते. ज्या गॅरेजमध्ये ड्रम भरून ठेवतात आणि परवानावाला रिसायकलर तो घेऊन जातो, तिथं ओता. पैसे मागू नका, घेतलं तरी पुष्कळ.

मानेवाड्याची_ताई

ठीक. घोडीची जोडी कितीची घेऊ? दुकानदार तीन टनाची गळ्यात मारून राहिला.

धरमपेठ_४४००१०

तुमची वॅगनआर रिकामी टनाच्या आत आहे. दोन टनाची जोडी पुष्कळ झाली. फक्त पिन जाड आहे का आणि पाय पसरट आहेत का ते हातात घेऊन पाहा. आणि विटा अंगणातून हलवा, दिसल्या की मोह होतो.