वाल्परायसोत एक दिवस
ताई, चिलीतल्या वाल्परायसो बंदराला जहाज लागल्यावर महागडी टूर घ्यावी की आपलं आपण फिरावं असं विचारलंयत, तर माझं मत स्पष्ट आहे, आपलं आपण फिरा! सोतोमायोर चौकापासून सुरुवात करा, तिथून एल पेराल नावाची लिफ्ट जवळच आहे, लिफ्ट म्हणजे काय तर उतारावर रुळांवरून केबलने ओढला जाणारा लाकडी डबा, एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो. शहरातल्या अशा लिफ्टमधली सगळ्यात जुनी कॉन्सेप्सियोन, १८८३ ची. एखादी दुरुस्तीला बंद असते, मग सरळ जिने चढायचे, दम लागतो पण खरी मजा त्यातच आहे. वर आलेग्रे टेकडीवर पत्र्याने मढवलेली रंगीत घरं, भिंतभर चित्रं, गल्ल्या कुठे वळतील सांगता येत नाही. २००३ पासून हा भाग युनेस्कोच्या यादीत आहे. भूक लागली की चोरियाना मागवा, फ्राईजच्या ढिगावर परतलेला कांदा, बीफ आणि अंडी, बीफ चालत नसेल तर आधीच सांगा. मोबाईल हातात मिरवू नका, खिसेकापू आहेत. आणि जहाजाची वेळ मात्र काटेकोर पाळा, उशीर झाला तर ते थांबत नाही.