अनुभव धागा: नातवंडांसोबत मिळालेली शांतता

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात होतं हा धागा काढायचं, आज काढतेच.

रिटायर झाल्यावर मी ठरवून जपाला बसायला लागले. रोज पहाटे, माळ हातात. पण खरं सांगते, १०८ मणी होईपर्यंत मन कुठे कुठे फिरून यायचं, कोण काय बोललं, कुठलं बिल भरायचं राहिलं, सगळं तेव्हाच आठवायचं. मग नात झाली. पंधरा दिवसांची असेल, मांडीवर होती, मी सहज तिच्या तळव्याला बोट लावलं तर तिने घट्ट मूठच वळली. डॉक्टर म्हणाले ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, सगळ्याच बाळांना असते, पाच-सहा महिन्यांत जाते. असू दे. माझं बोट तिच्या मुठीत होतं तेवढा वेळ मला दुसरं काही म्हणजे काही आठवलं नाही, पाय बधीर झाला तेव्हा भान आलं. त्या दिवशी जप राहिला आणि राहिल्याची रुखरुख पण लागली नाही, हे माझ्यासाठी नवीन होतं. नंतर कळलं की नवजात बाळाला साधारण २०-३० सेंटीमीटरवरचंच नीट दिसतं, म्हणजे मांडीवरून आपला चेहरा जेवढा लांब असतो तेवढंच. तेव्हापासून तिला घेतलं की मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवते.

तुम्हीही लिहा. सल्ले नकोत, अनुभव हवेत. दोन ओळी असल्या तरी चालतील.

*

मी आजोबा, वय ६८. आयुष्यभर शिफ्ट ड्युटी केली. मी घरी आलो की मुलगा झोपलेला आणि तो उठला की मी झोपलेलो, असंच त्याचं लहानपण गेलं.

नातू साडेतीन वर्षांचा आहे. संध्याकाळी त्याला फिरायला नेतो, वीस मिनिटांचा रस्ता पण आम्हाला सव्वा तास लागतो. परवा एक मुंगी मेलेल्या माशीचा पंख ओढत चालली होती, पंख तिच्यापेक्षा मोठा, वारा आला की शिडासारखा उभा राहायचा आणि मुंगी पंखासकट आडवी व्हायची, परत उठायची, परत ओढायची. तो उकिडवा बसलेला, मला गुडघ्यांमुळे तसं जमत नाही म्हणून मी सरळ रस्त्याच्या कडेला फतकल मारली. भिंतीच्या फटीपाशी पोचली तर पंख आत जाईना. तिने तो सोडला, फटीत जाऊन आली, दुसऱ्या टोकाने धरला. नातू माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "आजोबा, श्वास नका सोडू, पंख उडेल." आणि मी खरंच श्वास रोखून धरला. ध्यानाच्या वर्गात किती वेळा ऐकलं होतं श्वासाकडे लक्ष द्या म्हणून, ते लक्ष त्या क्षणी पहिल्यांदा लागलं.

रात्री मुलाला हे सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, माझ्यासोबत कधी बसला नाहीत असे." मी म्हटलं वेळच नव्हता रे. पण झोप लागेना. रविवारी वेळ असायचा, मीच पेपर घेऊन बसायचो. सकाळी त्याला तसं स्पष्ट सांगितलं. तो काही बोलला नाही, पण हल्ली रविवारी तो पण आमच्यासोबत फिरायला येतो.

*

दुसरी बाजू पण लिहिते, कारण ती कुणी लिहीत नाही. नातवंडं म्हणजे दुधावरची साय म्हणतात ते खरंय, पण मी दोघांना सकाळी ८ ते संध्याकाळी ७ सांभाळते, मुलगी-जावई दोघं नोकरीला. भरवणं, धुणं, भांडणं सोडवणं यात अकरा तास जातात आणि कंबरेचे हाल होतात. वर्षभर मनात कुढत होते, चिडचिड मुलांवर निघायची आणि रात्री त्याचं वाईट वाटायचं. शेवटी मुलीशी बोलले, आठवड्यातून दोन दिवस दुसरी सोय झाली. तिला राग येईल अशी भीती होती, ती उलट रडली. आता दुपारी धाकटा माझ्या दंडावर डोकं टाकून झोपतो, घामाने ओले झालेले केस, हात अवघडतो पण काढवत नाही. आधीही तो असाच झोपायचा, तेव्हा मी राहिलेली कामं मोजत पडलेली असायचे.

*

आमची नात परदेशात. दीड वर्षाखालच्या मुलांना स्क्रीन नको म्हणून सून कॉल लावायला कचरायची, मग तिनेच शोधून काढलं की अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने व्हिडिओ कॉलला त्यातून सूट दिलीय, तेव्हापासून रोज अर्धा तास ठरलेला. आम्ही बुवा-कुक खेळतो. आधी मी पदराआड गेले की ती लगेच दुसरीकडे बघायची, तिच्यासाठी आजी संपली. आठ महिन्यांच्या आसपास एक दिवस ती थांबली. पदराकडे एकटक बघत, तोंड हसायच्या तयारीत. दिसत नाही तरी आजी आहे हे तिला कळलं होतं! मी पदर खाली करायचं विसरूनच गेले. देव दिसत नाही तरी आहे असं लहानपणापासून म्हणत आले, पण ते मनात असं कधी उतरलं नव्हतं.

*

माझा नातू ७ वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, बोलत नाही. त्याला डब्यांची झाकणं फिरवायला आवडतात. सुरुवातीला मी सारखी त्याला बोलतं करायच्या मागे असायचे, हे काय, ते काय, तो कान झाकून घ्यायचा. मग थेरपिस्ट म्हणाल्या तो करतो तेच शेजारी बसून करा, काही विचारू नका. मी पण झाकण फिरवायला लागले. ते हळू होताना एक थरथर येते, मग आवाज बारीक होत होत थांबतो. तीन आठवड्यांनी त्याने त्याचं आवडतं स्टीलचं झाकण माझ्यासमोर सरकवलं. माझ्याकडे बघितलं नाही, नुसतं सरकवलं. इतकंच लिहिते.

*

पत्नी जाऊन आठ महिने झाले. नात ४ वर्षांची. या वयात गेलेलं माणूस परत येत नाही हे मुलांना उमगत नाही, ती रोज विचारायची, आजी कधी येणार? घरचे तिला गप्प करायचे, मला त्रास होईल म्हणून. मी म्हटलं विचारू दे. रोज तिला जवळ घेऊन सांगायचो, आजी येणार नाही बाळा. पहिले काही दिवस वाक्य पुरं व्हायच्या आधीच माझा आवाज जायचा, ती माझ्या गालाला हात लावून बघायची ओला आहे का. मग एक दिवस पुरं झालं. ती "बरं" म्हणाली आणि खेळायला गेली, मी तिथेच बसून राहिलो, छातीवरचं ओझं जरा सैल झाल्यासारखं वाटलं.

परवा विचारलं नाही तिने. आजीची उशी उचलून आणली, म्हणाली, "ही आपण दोघांनी घ्यायची का?"