आईची सात वर्षांची पित्ताची गोळी: चालू ठेवायची की बंद करायची?

मोगरा
आईचं वय ६४. सात वर्षांपासून रोज सकाळी पॅन्टोप्राझोल ४० आणि डॉमपेरिडोन ३० अशी एकत्र कॅप्सूल चालू आहे. छातीतल्या जळजळीसाठी सुरू झाली, मग कुणी थांबवा म्हटलंच नाही. एन्डोस्कोपी कधी झालेली नाही. बाकी साखरेसाठी मेटफॉर्मिन ५०० दोनदा, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन ४० ‘एच’, थायरॉइडची ५०. पूर्ण शाकाहारी. व्हॉट्सॲपवर किडनी, हाडं, विसरभोळेपणा असं काय काय वाचून तिने चार दिवस गोळी बंद केली, तर जळजळ पहिल्यापेक्षा वाढली. म्हणजे गोळीची गरज आहेच, असं समजायचं का?

खलबत्ता
नाही. चार दिवसांवरून काहीच ठरत नाही. ही गोळी जठरातले आम्ल सोडणारे पंप कायमचे बंद करते; नवे पंप तयार होतील तेव्हाच आम्ल परत येतं. दरम्यान आम्ल कमी पाहून शरीर गॅस्ट्रिन हे आम्ल वाढवणारं संप्रेरक वाढवत राहतं आणि आम्लाला चालना देणाऱ्या पेशी बळावतात. गोळी अचानक काढली की सगळं एकदम उसळतं. २००९च्या एका डॅनिश अभ्यासात पोटाची काहीही तक्रार नसलेल्या लोकांना आठ आठवडे याच वर्गातली गोळी देऊन थांबवली, तर ४४ टक्क्यांना जळजळ-आंबट ढेकर सुरू झाले. नुसती दाखवायची गोळी मिळालेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं. थोडक्यात, धडधाकट माणसालाही गोळी सोडताना पित्त होतं.

पण बंद करायच्या गप्पा मारण्याआधी एक सांगा. ॲस्पिरिन, रक्त पातळ करणारी दुसरी गोळी किंवा गुडघेदुखीची गोळी चालू आहे का? बऱ्याच घरांत दुखण्याच्या गोळीला कुणी ‘औषध’ म्हणून मोजत नाही.

मोगरा
अगदी तसंच झालं! दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकला, तेव्हापासून ॲस्पिरिन ७५. आणि गुडघ्यांसाठी ॲसेक्लोफेनॅक, आठवड्यातून तीन-चार दिवस. ती दुकानातून आणते, चिठ्ठीवर नाही.

कोरफड
मग हा प्रश्न पित्ताचा राहिलाच नाही. साठीपुढचं वय, ॲस्पिरिन आणि वर दुखण्याची गोळी म्हणजे जठरातून रक्तस्राव व्हायचा चांगलाच धोका. ॲस्पिरिनवर आतड्यात विरघळणारं वेष्टन असलं तरी फरक पडत नाही, कारण ते रक्तातून जाऊन जठराच्या अस्तराचं संरक्षण कमी करतं. आईंच्या बाबतीत पॅन्टोप्राझोल हे कवच आहे. सुरू वेगळ्याच कारणासाठी झालं होतं, आज त्याचं काम दुसरं आहे. ते काढू नका. आणि ॲस्पिरिन तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवायचं नाही.

काढायचीच तर ॲसेक्लोफेनॅक काढा. स्टेंटवाल्या हृदयाला ती बरी नाही, आणि टेल्मिसार्टन व ‘एच’ (त्यातलं लघवी वाढवणारं औषध) यांच्या जोडीला बसली की किडनीवर तिहेरी ताण येतो. व्हॉट्सॲपला किडनीची काळजी आहे, पण चुकीच्या गोळीबद्दल. गुडघ्याला डायक्लोफेनॅकचं जेल दिवसातून तीन-चारदा, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, लागलंच तर पॅरासिटामॉल ५००.

व्हायरल यादीबद्दल: ‘कंपास’ नावाच्या चाचणीत हृदयविकाराच्या १७,५९८ रुग्णांना, म्हणजे आईंसारख्याच लोकांना, पॅन्टोप्राझोल ४० किंवा नुसती दाखवायची गोळी दिली आणि सुमारे तीन वर्षं पाहिलं. हाडं मोडणं, किडनीचा जुना आजार, स्मृतिभ्रंश, न्यूमोनिया यांत ठळक फरक नव्हता. जुलाब-हगवणीसारखे आतड्यांचे संसर्ग तेवढे वाढले: १.० ऐवजी १.४ टक्के. आम्ल कमी म्हणजे जंतू मरत नाहीत, एवढं साधं कारण. तीन वर्षं म्हणजे सात नव्हेत, हे मान्य. पण आधीची भीतिदायक आकडेवारी बहुतेक जुन्या नोंदी चाळून आलेली आहे, आणि आजारी माणसंच ही गोळी जास्त घेतात.

खलबत्ता
कोरफडशी सहमत. पण कॅप्सूल आहे तशी चालू ठेवू नका. त्यातलं ‘डी’ म्हणजे डॉमपेरिडोन. युरोपच्या औषध नियामकाने २०१४मध्ये त्याचा वापर मळमळ-उलटीपुरता आणला: एका वेळी १० मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, साधारण आठवडाभर. कारण हृदयाची लय बिघडू शकते, आणि साठीपुढे हा धोका जास्त. आपल्याकडे मात्र ३० मिलिग्रॅम वर्षानुवर्षं रोज पोटात जातं.

आता आईंच्या पट्ट्यांवरची अक्षरं जोडून वाचा. ‘एच’ म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, लघवी वाढवणारं. ते पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घालवतं. पॅन्टोप्राझोल वर्षानुवर्षं घेतलं तर काहींचं मॅग्नेशियम उतरतं. आणि ही दोन्ही खाली गेली की डॉमपेरिडोनचा लयीवरचा परिणाम बळावतो. एकेकटी रास्त वाटणारी औषधं, एकत्र मात्र नको तशी. डॉक्टरांना नुसतं पॅन्टोप्राझोल लिहून द्यायला सांगा. ‘डी’ काढल्याने आम्ल उसळत नाही, त्यामुळे हा बदल सोपा आहे. एक ईसीजी काढून घ्या. त्यांना पायात गोळे येत असतील किंवा धडधडत असेल तर तेही सांगा.

तपासण्या: मॅग्नेशियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, बी-१२. शेवटचं अजिबात टाळू नका. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला आम्ल लागतं, मेटफॉर्मिन त्याचं शोषण कमी करतं आणि शाकाहारात ते मुळातच दुधा-दह्यापुरतं. तळपायाची बधिरता ‘साखरेमुळे’ म्हणून सोडून दिली जाते, ती यामुळेही असू शकते. बी-१२ २००च्या (पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर) खाली म्हणजे कमतरता, २०० ते ३०० काठावर. आधीच बी-१२च्या गोळ्या घेत असतील तर आकडा फुगलेला दिसतो, लॅबला जाण्याआधी डॉक्टरांना सांगा. गोळीतलं बी-१२ सुटंच असल्याने आम्लाशिवायही शोषलं जातं, म्हणून रोज १००० मायक्रोग्रॅम तोंडाने बहुतेकांना पुरतं.

वेळही बघा. चहा-बिस्किटांबरोबर घेतलेलं पॅन्टोप्राझोल नीट काम करत नाही. जेवणाने पंप जागे होतात तेव्हा ती रक्तात असावी लागते. उठल्यावर थायरॉइडची, अर्ध्या तासाने पॅन्टोप्राझोल, आणखी अर्ध्या तासाने चहा-नाश्ता.

बाभूळ
माझ्या वडिलांना ॲस्पिरिन नाही, दुखण्याची गोळी नाही, एन्डोस्कोपी स्वच्छ. पॅन्टोप्राझोल ४० तीन वर्षं. त्यांनी कसं सोडावं?

कोरफड
आधी गिळताना अडकणं, काळी शी, वजन उतरणं, रक्त कमी असणं यांतलं काही नाही ना, हे पाहा. असेल तर सोडणं बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. अन्ननलिकेला मोठे व्रण, बॅरेट (अन्ननलिकेच्या अस्तरातला बदल) किंवा पूर्वी अल्सरचा रक्तस्राव असेल तरी सोडायची नाही.

नसेल तर डॉक्टरांच्या कानावर घालून ४० वरून २० वर चार आठवडे. मग २० एक दिवसाआड दोन आठवडे. मग बंद. उसळी बहुधा बंद केल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत येते. तेवढ्यापुरतं जेवणानंतर अल्जिनेटचं पातळ औषध, आणि रात्री त्रास झाला तर फॅमोटिडिन २०. फॅमोटिडिन रोज घेतलं की आठवडा-दोन आठवड्यांत बोथट होतं, म्हणून लागेल तेव्हाच. जुन्या सवयीने रॅनिटिडिन मागू नका. २०२२मध्ये ते आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून वगळलं गेलं.

रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा. नुसत्या उशा वाढवल्या तर पोट दुमडतं आणि उलट त्रास होतो. डाव्या कुशीवर झोपणं. सहा आठवड्यांनंतरही रोज जळत असेल तर ती उसळी नव्हे. मग हेलिकोबॅक्टर या जठरातल्या जंतूची तपासणी करा. शौचाच्या किंवा श्वासाच्या तपासणीआधी दोन आठवडे पॅन्टोप्राझोल बंद हवं, नाहीतर जंतू असूनही अहवाल स्वच्छ येतो.

बाभूळ
४०ची पट्टी घरात भरपूर आहे. अर्धी करून चालेल?

खलबत्ता
नाही. वेष्टन मोडलं की औषध जठरातल्या आम्लातच नासतं. २०ची वेगळी पट्टी मिळते, ती आणा.