मदत हवी आहे: आंबट वास येणाऱ्या जुन्या निगेटिव्ह कशा वाचवाव्यात?

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घराचे कवेलू फेरताना माळ्यावर आबाजींची पत्र्याची पेटी सापडली. आत आग्फा क्लिक थ्री कॅमेरा आणि 120 नंबरच्या रुंद रोल फिल्मच्या, 6×6 सेंटिमीटरच्या दीड-दोनशे निगेटिव्ह. उजेडाकडे धरल्या तर पोळ्याचे सजलेले बैल, कापसाने भरलेली बंडी आणि डोईवर पदर घेतलेली आजी. काळं-पांढरं उलटं झालेलं, तरी ओळखू आली.

अडचण अशी की एका डब्यातल्या फिल्मांना व्हिनेगरसारखा वास येतो, कडाही वळल्यात. ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकची फिल्म कुजायला लागली की हा वास सुटतो आणि तिच्यापायी शेजारच्या चांगल्या फिल्माही बिघडतात, एवढं वाचून कळलं. म्हणून त्या वेगळ्या काढल्या. पण आमच्याकडे मे महिन्यात 45 अंश! फ्रिजमध्ये ठेवायच्या तर कशात गुंडाळून? बायको म्हणते, लोणच्याशेजारी नको म्हणजे झालं.

तालुक्याच्या एका स्टुडिओत नमुन्याला निगेटिव्ह दिली, तर साध्या स्कॅनरवर नुसता काळा चौकोन आला. फिल्मला मागून उजेड लागतो हे मलाच सांगावं लागलं. एप्सन व्ही 600 या स्कॅनरमध्ये तशी सोय आहे, 120 ची फिल्म धरायचा होल्डरही येतो. दोनशे फिल्मांसाठी तो विकत घ्यावा, की लाइट पॅडवर ठेवून मोबाइलने भागेल? आजीचा फोटो दोन फूट मोठा करायचा आहे.

यवतमाळ, अमरावती, नागपूर, कुठेही यायला तयार आहे. पेटी मात्र कुरिअरने पाठवणार नाही.