जीटी८६ आणि बीआरझेड: इंजिन नाजूक की मालक आडदांड?

मागचं_चाक

जुनी टोयोटा जीटी८६ किंवा तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड घ्यायचा विषय कुणी काढला की दोन वाक्यं ठरलेली असतात: "दिसते तशी पळत नाही" आणि "इंजिनाचा भरवसा नाही". छातीठोकपणे हे सांगणाऱ्या बऱ्याच जणांनी त्या गाडीचं दारही उघडून पाहिलेलं नसतं. म्हणून धागा काढतोय. या, भांडू.

माझं म्हणणं आधीच मांडतो. या गाडीचं एफए२० इंजिन कमजोर नाही, काटेकोर आहे. काटेकोर इंजिनाला निष्काळजी मालक मिळाला की नाव मात्र इंजिनाचं खराब होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: २०१२ साली टोयोटा आणि सुबारू यांनी मिळून ही दोन दारांची कूपे आणली. इंजिन सुबारूचं बॉक्सर, म्हणजे चार सिलिंडर दोन-दोन करून समोरासमोर आडवे. त्यावर टोयोटाची डी-४एस इंजेक्शन यंत्रणा. १९९८ सीसी, २०० पीएस, २०५ एनएम टॉर्क (म्हणजे ओढ). टर्बो न लावता लिटरमागे शंभर पीएस काढायचे तर कॉम्प्रेशन वाढवावं लागतं आणि इंजिन जास्त फिरवावं लागतं. इथे दोन्ही केलंय. कॉम्प्रेशन १२.५, आणि पूर्ण ताकद मिळते ती ७००० आरपीएमला. असं इंजिन ऑइलच्या बाबतीत चालढकल खपवून घेत नाही. पण वेळेवर ऑइल, चांगल्या ऑक्टेनचं पेट्रोल आणि गरम होईपर्यंत जरा धीर, एवढं दिलंत तर वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालतं. (बरं, थोडी कुरकुर करतं. हाय-प्रेशर फ्युएल पंप रातकिड्यासारखा किरकिरतो. त्यानं बिघडत काही नाही.)

टर्बोवाला

इंजिन टिकतं की नाही हा पुढचा प्रश्न. आधी ते ओढतं का ते बोला.

सातव्या पिढीची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय घ्या. २२० पीएस, ३५० एनएम, आणि तो टॉर्क १५०० आरपीएमपासून हजर. ० ते १०० ला ६.५ सेकंद. जीटी८६ मॅन्युअलला ७.६. म्हणजे मागे माणसं आणि डिकीत सामान भरलेली पाच दारांची गाडी तुमच्या स्पोर्ट्स कूपेला सिग्नलवरून मागे टाकणार.

त्यात ३५०० ते ४५०० च्या दरम्यान टॉर्कमध्ये खड्डा आहे. ओव्हरटेक करताना इंजिन नेमकं तिथेच फिरत असतं! पाय दाबला की आवाज वाढतो, गाडी आहे तिथेच. मग दोन गिअर खाली या, पुन्हा पिळा, तोवर समोरून ट्रक येतो. याला स्पोर्टी म्हणायचं?

सहावा_गिअर

दोन गिअर खाली येणं हाच तर स्पोर्ट. :)

गंमत सोडा, ० ते १०० च्या आकड्यावर ही गाडी तोलणं चुकीचं आहे. वजन साधारण १२४० किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून ४६० मिमीवर, मागच्या चाकांना ताकद आणि त्या दोन चाकांमध्ये ती ताकद वाटून देणारं टॉरसन डिफरेन्शियल. बॉक्सर इंजिन आडवं असल्यामुळे ते खाली आणि मागे बसवता आलं. टायर मुद्दाम २१५ रुंदीचे, साधे. ग्रिप कमी, पण कुठे सुटणार ते आधी कळतं. वळणात शिरताना स्टिअरिंग हलकं व्हायला लागतं, मग सीटखालून मागचा भाग सरकतोय हे जाणवतं, आणि सावरायला पुरेसा वेळ मिळतो. ३५० एनएमच्या पुढच्या चाकांवर ही मजा नाही. तिथे मिळते ती फक्त स्टिअरिंगशी झटापट.

टर्बोवाला

कमी ग्रिपचे टायर हे वैशिष्ट्य म्हणून खपवायला खरंच कौशल्य लागतं.

असो. टॉर्कचा खड्डा माझ्या मनातला असेल, तर दुसऱ्या पिढीत इंजिन २३८७ सीसीचं का केलं? पॉवर २३५ च्या आसपास गेली, ती सोडा. टॉर्क २५० एनएम झाला आणि तोही ३७०० आरपीएमला. आधी तो ६४०० च्या पुढे मिळायचा. ० ते १०० ६.३ सेकंदांवर आलं. खड्डा नव्हताच तर बुजवला कशाला?

मागचं_चाक

खड्डा होता. मी कुठे नाही म्हटलं? एक्झॉस्ट हेडर आणि ट्यून बदलून लोकांनी तो बराच भरूनही काढला. पण टॉर्क कमी असणं हा स्वभाव झाला, इंजिन बसणं हा दोष. दोन्ही एकाच पोत्यात भरू नका. गाडी मंद वाटली म्हणून "इंजिनात दम नाही", आणि दम नाही म्हणून "टिकणार नाही", अशी साखळी लोकांच्या डोक्यात आपोआप तयार होते. माझा आक्षेप त्या साखळीला आहे.

गॅस्केट

आता मी बोलते, कारण पहिल्या पोस्टमध्ये एक मोठी गोष्ट सोयीस्करपणे गाळली आहे.

नोव्हेंबर २०१८ मध्ये सुबारूनं व्हॉल्व्ह स्प्रिंगसाठी जगभर रिकॉल काढलं, म्हणजे गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. २०१२-१३ च्या बीआरझेड आणि जीटी८६ त्यात होत्या. स्प्रिंग तुटू शकते आणि चालत्या गाडीत इंजिन बंद पडू शकतं, असं कारण होतं. आता सांगा, स्प्रिंगमधली खोट मालकानं ऑइल वेळेवर बदलून भरून निघते का?

आणि खरी गोष्ट त्याच्या पुढे आहे. सरळ उभ्या इंजिनात व्हॉल्व्ह कव्हर वरून काढता येतं. बॉक्सरमध्ये हेड दोन्ही बाजूंना, चॅसीला चिकटून. स्प्रिंगपर्यंत पोचायला अख्खं इंजिन उतरवायचं, पुढचं टायमिंग कव्हर काढायचं, कॅम काढायचे, स्प्रिंग बदलायच्या आणि सगळं पुन्हा बसवायचं. ते कव्हर बसतं लिक्विड सीलंटवर. सीलंट थोडं जास्त लागलं की दाबल्यावर आतल्या बाजूला त्याची कड बाहेर येते. ती वाळते, रबरासारखे तुकडे सुटतात आणि सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) जाऊन ऑइल पिकअपच्या, म्हणजे ऑइल ओढून घेणाऱ्या नळीच्या, जाळीवर बसतात. जाळी अर्धी तुंबली तरी हळू चालवताना काही कळत नाही. इंजिन ६-७ हजारांवर नेलं, ऑइल गरम होऊन पातळ झालं, की कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला पुरेसं ऑइल पोचत नाही. मग खालून ठक-ठक आवाज, आणि खेळ खलास. रिकॉलनंतर इंजिनं बसल्याच्या तक्रारी इतक्या आल्या की अमेरिकेत दोन्ही कंपन्यांवर दावा दाखल झाला.

म्हणजे मालकानं सगळं नीट केलं, कंपनीनं बोलावलं म्हणून गाडी नेऊन दिली, आणि त्या दुरुस्तीनंच इंजिन मेलं. यातला आडदांड मालक मला दाखवा.

मागचं_चाक

मुद्दा बिनतोड आहे, पण तो एफए२० च्या विरुद्ध जात नाही. तुम्हीच सांगितलंत तसं, त्या इंजिनांना सीलंट लावणाऱ्या हातानं मारलं. ज्या गाड्या रिकॉलमध्ये नव्हत्या, म्हणजे २०१३ नंतरच्या, त्यांच्याबद्दल असा ओरडा कुठे आहे?

गॅस्केट

ज्या इंजिनाच्या साध्या स्प्रिंगसाठी अख्खं इंजिन उतरवावं लागतं, त्या रचनेवरही काही जबाबदारी येते की नाही? भरवसा म्हणजे फक्त कारखान्यातून निघाल्यावर किती चाललं एवढंच नाही. बिघडल्यावर सामान्य मेकॅनिकच्या हातून ते नीट सुधारतं का, हाही भरवशाचाच भाग. मी एका वेगळ्याच कूपेच्या बाबतीत हे भोगलंय. साध्या सम्प गळतीसाठी गाडी दिली, गॅरेजवाल्यानं नळीभर सीलंट पिळलं, आणि पुढे काय झालं ते विचारू नका. तेव्हापासून माझं हे टोपणनाव आहे.

शिवाय दुसऱ्या पिढीत सुधारणा झाली म्हणता? तिच्या एफए२४ इंजिनाच्या पिकअपच्या जाळीतही सीलंटचे तुकडे सापडल्याचे फोटो मालकांनी टाकले आहेत, तेही रिकॉल नसलेल्या गाड्यांचे. ट्रॅकवर लांब उजव्या वळणात ऑइल प्रेशर कोसळल्याच्या डेटा लॉगरच्या नोंदी आहेत, त्या वेगळ्याच.

काजळी

एक गोष्ट एफए२० च्या बाजूनं, कारण ती कुणी बोलतच नाही. नुसतं डायरेक्ट इंजेक्शन असलं की इनटेक व्हॉल्व्हवर काजळी धरते, पेट्रोल तिथे पोचतच नाही. टर्बोवाल्यांच्या कितीतरी लाडक्या इंजिनांना हा रोग आहे. डी-४एस मध्ये पोर्टमध्येही इंजेक्टर आहेत, त्यामुळे व्हॉल्व्ह धुतले जातात. बाकी चालू द्या.

पिस्टनप्रेमी

भरवशाचं मोजमाप करायचंच तर इंजिनावर ताण किती येतो ते पाहा. एफए२० चा ८६ मिमी स्ट्रोक (पिस्टनची एका दिशेची धाव), ७४०० आरपीएम, म्हणजे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साधारण २१.२ मीटर. बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ चं एस५४ इंजिन घ्या: ९१ मिमी स्ट्रोक, ७९०० आरपीएम, वेग जवळपास २४. त्या मानानं एफए२० निवांत आहे. लिटरमागे शंभर पीएस ऐकून घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

गॅस्केट

आणि त्याच एस५४ च्या सुरुवातीच्या गाड्यांचे रॉड बेअरिंग बीएमडब्ल्यूला बोलावून बदलून द्यावे लागले होते. पुढच्या ई९२ एम३ चं एस६५ घ्या: ४ लिटर व्ही८, ४२० पीएस, स्ट्रोक फक्त ७५.२ मिमी. ८३०० आरपीएमलाही पिस्टनचा वेग २०.८ च्या आसपास, म्हणजे तुमच्या निवांत एफए२० पेक्षाही कमी. तरी आज एस६५ विकत घेणारा पहिला प्रश्न विचारतो: रॉड बेअरिंग कधी बदलले? पिस्टनच्या वेगावरून इंजिनाचं आयुष्य कळत नाही. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामधल्या केसभर फटीत ऑइल टिकतं की नाही, त्यावर ते ठरतं.

सहावा_गिअर

थोडक्यात गॅस्केटताई, तुमच्या मते कुठलीच स्पोर्टी कूपे घेऊ नये. माझदा आरएक्स-८ च्या रोटरी इंजिनाचे एपेक्स सील जातात, पोर्शे ९११ च्या ९९६ पिढीचं आयएमएस बेअरिंग जातं, एम३ चे रॉड बेअरिंग, आणि ही तर आहेच.

गॅस्केट

घ्या की! मीही घेईन. फक्त "मालक चांगला असला की झालं" असं सांगून नवख्यांच्या गळ्यात मारू नका. आरएक्स-८ घेणारा निदान रोटरीचा कॉम्प्रेशन टेस्ट करून घेतो, कारण त्याला धोका माहीत असतो. या गाडीवर टोयोटाचा बिल्ला बघून लोक बेसावध राहतात.

मागचं_चाक

बिल्ल्याचं पटलं. पण मालकाच्या सवयीचा मुद्दा मी सोडणार नाही. या गाडीत सुरुवातीच्या मॉडेलांना ऑइल टेंपरेचरचा काटा नाही, फक्त कूलंटचा. कूलंटचा काटा मधोमध आला की लोकांना वाटतं इंजिन गरम झालं, आणि लगेच रेडलाइन. ऑइल तेव्हा अजून कोमटच असतं, त्याला गरम व्हायला बराच जास्त वेळ लागतो. उलट ट्रॅकवर ते १२० अंशांच्या वर जातं. त्यात मूळचं पातळ ०डब्ल्यू-२० ऑइल घालून दिवसभर पिळायचं, आणि बेअरिंग गेलं की रचनेला शिव्या. ऑइल कूलर नाही, डिपस्टिक बघायची सवय नाही. सर्व्हिस पुस्तिकेत गाडी अशी वापरायला सांगितली आहे का, सांगा?

टर्बोवाला

"स्पोर्टी" म्हणून विकलेली गाडी ट्रॅकवर नेली तर मालक आडदांड. रस्त्यावर हळू चालवली तर "गाडीचा स्वभाव कळला नाही". म्हणजे ती चालवायची नेमकी कधी?

नवखा_चालक

वाद छान चाललाय, पण माझा प्रश्न साधा आहे. २०१३ ची एक पाहतोय. विकणारा अभिमानानं सांगतो, "रिकॉल झालेलं आहे". हे चांगलं समजू की वाईट?

काजळी

आधी रिकॉल कधी झालं आणि त्यानंतर गाडी किती चालली ते कागदावर बघा. काम झाल्यावर भरपूर चालली असेल, अधूनमधून पिळलेलीही असेल आणि खालून आवाज नसेल तर मला तरी बरंच हायसं वाटेल. झाल्या झाल्या विकायला काढली असेल तर कारण विचारा.

गॅस्केट

मी असते तर गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी पहिला स्टार्ट स्वतः ऐकला असता, नंतर पूर्ण गरम करून ऑइल प्रेशर मोजलं असतं. शंका आली तर सम्प खोलून पिकअपची जाळी बघायची. विकणारा तयार नसेल तर दुसरी गाडी शोधायची.

मागचं_चाक

सम्प खोला म्हणता, पण तोही सीलंटवरच बसतो. म्हणजे पुन्हा कुणाच्या तरी हातात तीच नळी.

गॅस्केट

म्हणून तर म्हणतेय, शंका आली तरच. आणि बसवताना शेजारी उभं राहून सांगायचं: बारीक धार, बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूनं, आणि आधीचं सगळं खरवडून काढल्यावर. तोंड वाकडं करणारा मेकॅनिक असेल तर गाडी तिथे ठेवूच नका.

नवखा_चालक

विक्रेत्याला प्रेशर गेज लावायचं म्हटल्यावर "गाडी बघायची तर बघा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक आहे" म्हणाला.

टर्बोवाला

जाऊ दे त्या गिऱ्हाइकाकडे. जीटीआय बघा.

सहावा_गिअर

आला परत. अहो नवखे, २०१५ च्या पुढची बघा. त्या रिकॉलमध्येच नाहीत.