जंगलातली झिपलाइन आणि पन्नास जणांची बॅच: सह्याद्रीला हे हवं आहे का?

कारवी (धागाकर्ती)

शनिवारी रात्री दादर किंवा शिवाजीनगरहून बस, पहाटे पायथ्याच्या गावात पोहे, दुपारपर्यंत ट्रेक, मग दरीवरून झिपलाइन, म्हणजे ताणलेल्या तारेला लटकून घसरत पलीकडे जाणं, आणि रात्री उशिरा घरी. असं पॅकेज आता कितीतरी ग्रुप विकतात. माझं मत असं की जंगलात पन्नास-साठ जणांची बॅच नेणं बंद व्हावं आणि अभयारण्यात झिपलाइनला परवानगीच देऊ नये.

भंडारदऱ्याजवळची सांदण दरी घ्या. साम्रद गावातून आत शिरलं की दोन्ही अंगांना उभे कातळ, मधे चिंचोळी वाट, मधूनच साठलेलं गार पाणी. कोकणाच्या अंगाला उतरायचं तर रॅपलिंगचे, म्हणजे दोरावरून कडा उतरायचे, टप्पे लागतात. हार्नेस (कमरेचे पट्टे) तपासून, डिसेंडर (दोरावरून हळू उतरवणारं साधन) लावून एकाला खाली सोडायला पाच मिनिटं धरा. एका दोरावर पन्नास जणांना चार तास लागतात, तेही एकाच टप्प्यावर. मग लीडर घाई करतो, तपासणी उरकली जाते आणि दरीतच अंधार पडतो. तिथून मधेच बाहेर पडायला सोपी वाट नाही.

झिपलाइनचं दुखणं वेगळं. तारेखाली माणूस मोकळा जावा म्हणून फांद्या छाटून पट्टा साफ करावा लागतो. भीमाशंकरसारख्या रानात शेकरू, म्हणजे मोठी खार, एका झाडावरून दुसऱ्यावर उड्या मारतच फिरतं, जमिनीवर क्वचित उतरतं. त्याच्या वाटेतला असा पट्टा म्हणजे तुटलेला रस्ता. १९८५ साली हे अभयारण्य ज्या प्राण्यासाठी झालं, त्याचीच वाट करमणुकीसाठी तोडायची का?

घाटमाथा

मी अकोले तालुक्यातला. आमच्याकडे पावसावरचं भात हेच मुख्य पीक. सुगी झाली की माणसं नारायणगावकडे मजुरीला जातात. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, पाणी खालच्या उसाला गेलं. १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालं, त्याचे नियमही आमच्याच अंगावर. आता शनिवार-रविवारी चार पैसे घरबसल्या मिळतात, तर तुम्ही म्हणता बॅच बंद करा.

बस आली की जेवण रांधणारी, वाट दाखवणारा, तंबू लावणारा, गाड्यांकडे बघणारा अशी सगळी घरं कामाला लागतात. दहा जण आले तर एका घराचं भागतं. पन्नास आले तर वस्तीचं. आमची पोरं गिर्यारोहणाचे कोर्स करून आलीत, दोर लावतात. त्यांनी काय करायचं?

सांजवात

घाटमाथा यांना पूर्ण पाठिंबा, पण माझं कारण वेगळं आहे. जुन्या क्लबांत शिरायला ओळख लागायची. ओळख नसलेल्या मुलीला डोंगर बघायचा असेल तर ती कुणाबरोबर जाणार? पैसे भरून जाता येणाऱ्या ग्रुपमुळे माझ्यासारख्या कित्येक जणी घराबाहेर पडल्या. बॅचमध्ये वीस-पंचवीस बायका असल्या की आईवडील पाठवतात. चार अनोळखी पुरुषांबरोबर पाठवणार नाहीत. लहान गट म्हणजे सुरक्षित गट, हे सगळ्यांना लागू नाही.

शिवाय ज्याला गुडघ्यामुळे कळसूबाईच्या १६४६ मीटरवर चढता येत नाही, त्यालाही झिपलाइनवरून दरी बघता येते. दरी काय फक्त धडधाकट माणसांचीच आहे?

गाठनिरगाठ

दोरांचं काम करतो म्हणून लिहितो. बंदी आणि मोकळीक या दोन्ही बाजू मुख्य प्रश्नाला बगल देतायत. एप्रिल २०२५ मध्ये भोर तालुक्यात झिपलाइनच्या वेळी एका तरुणीचा पडून मृत्यू झाला. बातम्यांनुसार ती तारेवर निघालीसुद्धा नव्हती, हुक अडकवतानाच पडली. लोकांना वाटतं धोका दरीच्या मधोमध असतो. खरा धोका प्लॅटफॉर्मवर असतो, जिथे माणूस एका हुकातून सुटून दुसऱ्यात जातो. म्हणून नियम एकच: प्लॅटफॉर्मवर पाऊल टाकण्याआधी सेफ्टी, म्हणजे पडू न देणारा दोर, लागलीच पाहिजे आणि मुख्य तारेला दोन स्वतंत्र जोड लागल्याशिवाय ही सेफ्टी काढता कामा नये. हे हुक पर्यटकाने लावायचे नसतात, ते काम ऑपरेटरचं.

वजनाचंही तसंच. हलका माणूस समोरच्या टोकाला न पोचता तारेवर मधेच थांबतो, जड माणूस वेगाने येऊन ब्रेकवर आदळतो. तार ओली असली किंवा वारा फिरला की सकाळचा अंदाज दुपारी चुकतो. म्हणून कमीत कमी आणि जास्तीत जास्त वजन ठरलेलं हवं, काटा तिथेच हवा, मधे अडकलेल्याला ओढून आणायची तयारी हवी आणि ब्रेक निकामी झाला तर दुसरा ब्रेक हवा. तारेच्या सुट्या झालेल्या काड्या रोज बघायच्या आणि लिहून ठेवायच्या. नोंदवही मागा. दाखवली नाही तर पैसे परत घ्या आणि निघा.

राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ साली आलं. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी सक्तीची आहे. बुकिंगच्या वेळी नोंदणी क्रमांक किती जण विचारतात?

कारवी

गाठनिरगाठ, तांत्रिक मुद्दे मान्य. पण उत्तम तपासलेली तारसुद्धा शेकरूच्या वाटेतच असते. सुरक्षित आहे म्हणजे तिथे असायला हवी, असं होत नाही. कोलाड-लोणावळ्याकडे माणसांनी आधीच वापरलेल्या जागा आहेत, तिथे बांधा. सांजवात यांच्या गुडघ्याच्या प्रश्नालाही तेच उत्तर.

घाटमाथा, मला सांगा, पॅकेजच्या पैशातला किती भाग गावात राहतो? बसवाला शहरातला, आयोजक शहरातला, फोटोग्राफरही शहरातला. गावाला मिळतं नाश्त्या-जेवणाचं, तेही घासाघीस करून. वीसची मर्यादा घाला, गावातला वाटाड्या सक्तीचा करा, त्याचा दर गावाने ठरवावा. बॅच लहान झाली तर पैसा कमी होईलच असं नाही.

घाटमाथा

"होईलच असं नाही" हे तुम्ही पुण्यातून म्हणू शकता. एक हंगाम बुडाला तर आम्ही मजुरीला जातो, पोरांची शाळा सुटते. दर आम्ही ठरवायचा, हे पटलं. मग आकडाही आम्हीच ठरवू. पेसा क्षेत्रातलं गाव आहे, म्हणजे आदिवासी भागात ग्रामसभेला जादा अधिकार देणारा कायदा इथे लागू आहे. वीस की पन्नास हे इथे ठरणार नाही.

डोंगरयात्री

बचावकार्याला जातो. लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ना झिपलाइन, ना ट्रेकचं पॅकेज. पाणी अचानक चढलं, एवढंच. अशा प्रत्येक वेळी धावून जातात ती लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या बचाव संस्थांची माणसं, बिनपगारी, आणि त्यांच्याही आधी पायथ्याचे गावकरी, झोळी आणि बांबू घेऊन.

मोठ्या बॅचबद्दल माझा राग इथे आहे. साठ जणांत आग्या मोहोळाच्या माश्या उठल्या तर लीडर कुणाला सांभाळणार? आरडाओरडा, सेंटचा वास, कुणाची तरी शेकोटी, एवढं पुरतं. माणसं कड्याच्या दिशेने पळतात. दहा माणसांमागे एक जाणता लीडर आणि रांगेच्या शेवटी एक, हे जमत नसेल तर बॅच नेऊ नये. सांजवात, तुमच्या पंचवीस जणींना घेऊन जायला हरकत नाही, पण मग तीन लीडर आणि शेवटचा एक मोजून घ्या.

सांजवात

मोजते. आणि त्यातली एक तरी लीडर बाई असावी, हेही नियमात लिहा. घसरलेल्या मुलीचा हार्नेस आवळायला कोण येतं, यावर ती पुन्हा डोंगरात येणार की नाही ते ठरतं.

गाठनिरगाठ

डोंगरयात्री, चालण्यासाठी दहाला एक ठीक. दोराच्या टप्प्यावर पुरणार नाही. वर एक, खाली एक आणि रांग धरायला एक, अशी तीन माणसं प्रत्येक दोरामागे लागतात, बॅच दहाची असो वा पन्नासची. घाटमाथा, तुमच्या कोर्स केलेल्या पोरांना तिथे उभं करा आणि मजुरी दिवसाची नाही, दोराची लावा.