छोटा फ्लॅगशिप (वरच्या दर्जाचा) फोन घेतला खरा, पण ऐंशी हजार नक्की कशाचे?

मुठीत_मावेल :
फेब्रुवारी 2025 मध्ये सॅमसंगचा गॅलेक्सी एस 25 घेतला. साधा, प्लस-अल्ट्रा नाही. आता गणपती पण झाले, म्हणजे सात महिने होत आले, तेव्हा बोलायला हरकत नाही. भाची तोच घ्यायचा म्हणतेय, मावशी घेऊ का म्हणून विचारतेय आणि मला सरळ हो म्हणवत नाहीये, म्हणून हा धागा.

आधी चांगलं सांगते. वजन 162 ग्रॅम, रुंदी 70.5 मिलिमीटर. नुसते आकडे वाचून काही कळत नाही. ठाण्याहून सकाळची फास्ट, लेडीज डबा, एक हात वरच्या कडीला, पर्स पोटाशी दाबलेली आणि उरलेल्या हाताच्या अंगठ्याने ऑफिसच्या मेसेजला उत्तर द्यायचंय, तेव्हा कळतं. आधीचा फोन 6.7 इंची होता, त्याला खालून टेकू देऊन देऊन करंगळीला खड्डा पडलेला. आणि हा कुर्त्याच्या खिशात जातो हो! बायकांच्या कपड्यांना खिसे म्हणून जे काही शिवतात त्यात जातो.

आता एआय. जाहिरात, खोका, दुकानातला मुलगा, सगळे त्याच्याबद्दलच बोलत होते. आकाराबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. सात महिन्यांत मी काय वापरलं? सर्कल टू सर्च रोज, कोणाच्या फोटोत साडी दिसली की गोल काढायचा, काय प्रकार आहे ते कळतं. गच्चीवरच्या वाढदिवसाच्या व्हिडिओतला शेजारचा डीजे ऑडिओ इरेजरने कमी केला, बऱ्यापैकी जमलं. फोटोतून नको ती माणसं दोन-तीनदा काढली (खऱ्या आयुष्यात पण ही सोय हवी होती). नाउ ब्रीफ म्हणून सकाळी हवामान आणि कॅलेंडर दाखवतं, त्यापेक्षा भिंतीवरचं कालनिर्णय जास्त सांगतं, निदान चतुर्थी तरी. कॉलचं भाषांतर म्हणाल तर यादीत हिंदी आहे, जर्मन आहे, थाई आहे, व्हिएतनामी आहे. मराठी नाही.

तर माझं मत असं की 80,999 मी हातात मावण्याचे, कॅमेऱ्याचे आणि प्रोसेसरचे दिले, एआय म्हणजे वरून भुरभुरलेली कोथिंबीर. तुम्हाला काय वाटतं?

सोलापुरी_चादर :
ताई, लोकलचं सगळं मान्य. पण 4000 एमएएच बॅटरी आणि 25 वॉट चार्जिंग, 2025 साली, ऐंशी हजारात? मी औषध कंपनीचा एमआर आहे, सकाळी सोलापुरातनं निघालो की बार्शी नाहीतर पंढरपूर, गाडीवर मॅप चालू, मग डॉक्टरच्या केबिनबाहेर दोन-दोन तास बसून रिपोर्ट भरायचा, मध्येच साहेबांचा व्हिडिओ कॉल, त्यात 4000 काय पुरणार, कुठल्या का कंपनीचं असंना. वनप्लस 13एस बघा. 6.32 इंच, म्हणजे तुमच्यापेक्षा नखभर मोठा, प्रोसेसर त्याच घरातला स्नॅपड्रॅगन 8 एलिट, बॅटरी 5850 आणि जूनमध्ये आला तेव्हा 54,999. विवो एक्स200 एफई पण तेवढ्यालाच आला, त्यात तर 6500 आणि 90 वॉट. सरळ 26 हजार वाचतात. त्यात माझ्या गाडीचे दोन्ही टायर, इन्शुरन्स आणि वर एक मुंबई ट्रिप होईल.

मुठीत_मावेल :
बॅटरीचं मान्य, मी ऑफिसात बसते, चार्जर टेबलावर असतो म्हणून मला खुपत नाही. पण 13एस ला अल्ट्रावाइड, म्हणजे जवळूनच सगळं मावणारा रुंद कॅमेराच नाहीये. आमच्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये गौरीपुढे सतरा माणसं उभी होती, तो फोटो कसा काढायचा, खिडकीतून बाहेर लटकून? आणि तुमचे दोन्ही 185 ग्रॅमच्या आसपास आहेत.

सोलापुरी_चादर :
23 ग्रॅम जास्त म्हणजे एक पेढा जास्त. तेवढा उचलतो की.

तिसरा_डोळा :
धागाकर्तीने कोथिंबीर म्हटलं ते सौम्य झालं. निदान कोथिंबीर भाजीवाला फुकट देतो. फोन आला तेव्हा सॅमसंगच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात काय लिहिलं होतं ते वाचलंत का? गॅलेक्सी एआयची फीचर्स 2025 अखेरपर्यंत मोफत. पुढचं गुलदस्त्यात ठेवलं होतं. एस 25 सोबत गुगलचं एआय जेमिनी अ‍ॅडव्हान्स्ड सहा महिने फुकट दिलं होतं, ते तुमचं संपलं असेल आत्तापर्यंत.

आणि ज्याचं रोज कौतुक चाललंय ते सर्कल टू सर्च गुगलचं आहे. जानेवारी 2024 मध्ये एस 24 मालिकेवर पहिल्यांदा आलं आणि लगोलग गुगलच्याच पिक्सेल 8 फोनवर, आज कितीतरी स्वस्त फोनमध्ये मिळतं. व्हिडिओतला आवाज पुसणं 2023 च्या पिक्सेल 8 मध्ये होतं. म्हणजे दुसऱ्याच्या घरचं श्रीखंड आपल्या वाटीत घालून विकायचं आणि वर वाटी परत मागायची. नवीन फोन घ्यायला कारणच उरलं नाहीये, दरवर्षी तोच चौकोन, म्हणून एआयचं तोरण बांधलंय, एवढं साधं आहे.

राइनकाठ :
तिसरा डोळा, तुमचा एकही मुद्दा चूक नाही, पण निष्कर्ष चुकतोय. मी जर्मनीत, कोलोनजवळ राहते, तीन वर्षं झाली. जर्मन येतं, म्हणजे दुकानात येतं. घरमालकाचा हीटिंगच्या बिलाबद्दल फोन आला की येत नाही. तो त्याच्या बोलीत भराभर बोलतो, मी "या, या" करत राहायचे आणि फोन ठेवल्यावर नवऱ्याला विचारायचे की मी नक्की कशाला हो म्हणाले असेन. आता कॉलचं ते भाषांतर, लाइव्ह ट्रान्सलेट, लावते, तो जर्मन बोलतो, मला इंग्रजीत ऐकू येतं आणि स्क्रीनवर लिहूनही दिसतं. थोडं थांबत थांबत बोलावं लागतं, म्हातारा कंटाळतो, पण गेल्या वेळी महिन्याचा हप्ता किती वाढणार ते मला त्याच कॉलमध्ये कळलं. मुळात भाषेचे पॅक फोनमध्येच उतरवलेले असतात, समोरासमोरचं भाषांतर तर नेट नसतानाही चालतं. सेटिंगमध्ये सगळं प्रोसेसिंग फोनवरच ठेवायचा पर्याय आहे, तो लावला की काही फीचर्स बंद होतात पण घरमालकाची बोलणी निदान घरात राहतात.

हे कोणाचं संशोधन, कोणी आधी आणलं, याच्याशी मला काय करायचंय? परक्या देशात एकट्या बाईला डॉक्टरची अपॉइंटमेंट फोनवरून घेता येणं ही कोथिंबीर नाही, तो भात आहे.

तिसरा_डोळा :
तुमच्यासाठी भात, मान्य. पण ठाण्यात राहणाऱ्या माणसाने त्या भाताचे पैसे का द्यावेत? त्याला हवी ती भाषा यादीत नाहीच. कोट्यवधी मराठी माणसं फोन घेतात आणि यादीत आपला नंबर कुठे? हिंदी आली म्हणजे भारत झाला, असं यांना वाटतं.

आजीचा_बटवा :
मी सदुसष्ट वर्षांची, सांगलीला असते, शाळेत मराठी शिकवायचे. तुम्ही मुलांनी एवढं तावातावाने लिहिलंय म्हणून माझे दोन शब्द.

मुलाने मला असाच छोटा महागडा फोन देऊ केला होता, आई तुझ्या हातात बसेल म्हणाला. हातात बसला, डोळ्यांत बसेना! अक्षर मोठं केलं की एका ओळीत चार शब्द, जोडाक्षर असलेला शब्द तर एकटाच ओळ अडवून बसतो. बँकेचा मेसेज वाचायला तीनदा सरकवावं लागे, तोपर्यंत ओटीपीची मुदत संपे. तो मी सुनेला दिला आणि पंधरा हजारांचा मोठ्या पडद्याचा घेतला. आता गंमत ऐका, त्या पंधरा हजारांच्या फोनवर मी जेमिनीशी मराठीत बोलते. तोंडी. कालच त्याला विचारलं, मधुमेह असणाऱ्याने वरीचे तांदूळ किती खावेत, नीट समजावून सांगितलं, वर डॉक्टरांना विचारा म्हणाला. म्हणजे मराठी बोलणारं एआय स्वस्त फोनात आहे आणि ज्याचे ऐंशी हजार घेतात त्याच्या यादीत मराठी नाही, हे गणित मला कोणी सोडवून देईल का?

मुठीत_मावेल :
काकू, तुम्ही एका फटक्यात दोघांना आऊट केलंत, मला आकारावर आणि कंपनीला भाषेवर.

गणित असं आहे की जेमिनी गुगलचं, ते दूर कुठेतरी सर्व्हरवर चालतं, फोन फक्त तोंड आणि कान. ऑक्टोबर 2024 मध्ये त्यांनी जेमिनी लाइव्हमध्ये (तोंडी बोलायची सोय) हिंदीसोबत मराठी धरून आणखी आठ भारतीय भाषा आणायचं जाहीर केलं. कॉलचं भाषांतर फोनच्या आतच करायचं तर प्रत्येक भाषेचा वेगळा पॅक बनवावा लागतो, आणि तो बनवताना आपला नंबर लागला नाही. माझ्या फोनवर पण जेमिनी मराठी बोलतंच की. पण मग त्यासाठी महाग प्रोसेसर लागत नाही, हेही खरंच. माझ्याच मुद्द्याला बळ मिळालं म्हणायचं.

डबीतला_स्क्रू :
मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे माझं, म्हणून बॅटरीवर बोलतो. चिनी कंपन्या आता सिलिकॉन-कार्बनवाल्या बॅटऱ्या घालतायत. ग्रॅफाइटच्या जागी थोडं सिलिकॉन आलं की तेवढ्याच जागेत लिथियम जास्त मावतं, म्हणून छोट्या फोनात 5850, 6500 बसतात. पण सिलिकॉन चार्ज होताना जास्त फुगतं, त्याला आवरायची कारागिरी लागते. सॅमसंगने 2016 ला नोट 7 चे फोन जगभरातून परत घेतले होते, तेव्हापासून ते बॅटरीच्या बाबतीत ताक फुंकून पितात असा माझा अंदाज.

दुसरं, सात वर्षं अपडेट देणार म्हणतात, म्हणजे 2032. चांगलीच गोष्ट आहे, 13एस आणि एक्स200 एफई ला एवढी नाहीत. पण बॅटरी सात वर्षं त्याच दमाने कुठलीच चालत नाही. मोठ्या बॅटरीत पाचवा हिस्सा झिजला तरी दिवस निघतो, 4000 मधला पाचवा हिस्सा गेला की 3200 उरतात. मध्ये एकदा बॅटरी बदलायचा खर्च आत्ताच धरून ठेवा. आणि एस 24 सेकंडहँड घ्यायच्या विचारात कोणी असेल तर लक्षात ठेवा, भारतात तो सॅमसंगच्याच एक्झिनॉस 2400 प्रोसेसरवर आला होता, एस 25 सगळीकडे स्नॅपड्रॅगन. गिऱ्हाईक दोघांना सारखंच समजतं.

इंचपट्टी :
सगळे 6.2 इंचाला छोटा म्हणतायत ते वाचून करमणूक झाली. 2011 साली पहिला गॅलेक्सी नोट आला, 5.3 इंची, तेव्हा कानाला पाटी लावून बोलतोय म्हणून लोक हसले होते. त्याची उंची साधारण 147 मिलिमीटर. तुमच्या ह्या "छोट्या" एस 25 ची 146.9. घ्या! रुंदी तेवढी 83 वरून 70.5 झाली. म्हणजे तेव्हाची पाटी अंगाने बारीक केली आणि कॉम्पॅक्ट म्हणून विकली. खरा छोटा आयफोन 13 मिनी, 5.4 इंची. तो 2021 ला आला, 2023 ला कंपनीने बंद केला, त्यानंतर मिनी आलाच नाही. का? कारण छोटा फोन हवा म्हणून गळा काढणारे दुकानात गेले की मोठाच उचलतात.

मुठीत_मावेल :
मी उचलला ना छोटा! आणि अंगठ्याला रुंदी लागते हो, उंची नाही. 83 ला पलीकडचं टोक गाठता येत नाही, 70 ला येतं.

सोलापुरी_चादर :
मिनी माझ्या मेव्हणीकडे होता. फोन छोटा आणि पॉवर बँक मोठी. एका खिशातली अडचण दुसऱ्या खिशात, बाकी काही नाही.

राइनकाठ :
विनोद बाजूला ठेवून, भाची करते काय? कॉलेज, नोकरी? बाहेर शिकायला जाणार असेल तर माझं मत तिला कळवा.

मुठीत_मावेल :
पुण्यात आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. काल फोनवर विचारलं, तुला नक्की कशाला हवाय. म्हणाली साइटवर एका हातात टेप असते, दुसऱ्या हाताने फोटो काढता यायला हवेत, आणि खोल्या अख्ख्या यायला हव्यात. एआयचं नावसुद्धा घेतलं नाही, मीच आठवण करून दिली तर म्हणे ते काय सगळ्यात असतं. अख्ख्या खोल्या म्हटल्यावर 13एस गेला यादीतून, सॉरी सोलापूर. एक्स200 एफई मध्ये अल्ट्रावाइड आहे, पण 8 मेगापिक्सेलचा, एस 25 मध्ये 12. रविवारी दोघी दुकानात जाऊन दोन्ही हातात धरून बघणार आहोत.

सोलापुरी_चादर :
कव्हर घालून धरा. दुकानात उघडा धरून बघतात सगळे आणि घरी येऊन जाडजूड कव्हर चढवतात, मग तुमचे 162 ग्रॅम कुठले आणि 70.5 कुठले.

डबीतला_स्क्रू :
+1. आणि काच फुटली की माझ्याकडे रडत येतात ते कव्हर न घालणारेच.